पहिली मॉडेल रेल्वे: आठ बाय चारच्या प्लायवर एचओ मापाचा लोहमार्ग

मॉडेल रेल्वेची सुरुवात बहुतेक जण इंजिनापासून करतात. आवडलेलं इंजिन येतं, मागोमाग डबे येतात, मग रूळ, आणि शेवटी हे सगळं मावेल कुठे याचा शोध सुरू होतो. हा क्रम उलटा हवा. जागेवरून वळणाचा घेर ठरतो, वळणावरून डब्याची लांबी आणि डब्यावरून इंजिन. हे उमगलं नाही तर महागडी गाडी प्रत्येक फेरीला त्याच कोपऱ्यात रुळावरून उतरते आणि दोष विनाकारण रुळांना दिला जातो.

इथे एकच ठरावीक आराखडा घेतला आहे. बाजारात सहज मिळणारा आठ बाय चार फुटांचा प्लाय, त्यावर एक बंद लंबवर्तुळ, एक सांधा (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा रुळांचा भाग), एक सायडिंग (वाघिणी उभ्या करायची बाजूची शाखा) आणि साधा डीसी वीजपुरवठा. पहिल्या वेळी याहून जास्त काही घेऊ नका.

माप आणि गेज

एचओ म्हणजे खऱ्याच्या १:८७ माप. त्याच्या रुळांमधलं अंतर, म्हणजेच गेज, १६.५ मिलिमीटर असतं. ब्रिटिश ओओ मापात गाड्या १:७६.२ अशा थोड्या मोठ्या असतात, पण त्याही १६.५ मिलिमीटरच्याच रुळांवर धावतात, म्हणून दोन्हींचे रूळ एकमेकांना चालतात. एन माप १:१६० आणि रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर.

१६.५ ला ८७ ने गुणलं की १,४३५ मिलिमीटर येतात. हे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, म्हणजे एचओ मापात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. भारतीय गाडी एचओ रुळांवर चालवायची तर गेज जवळजवळ तीन मिलिमीटर अरुंद दिसणार, हे मान्य करूनच पुढे जायचं. १९.३ मिलिमीटरचे रूळ, सांधे, चाकं सगळं घरी बनवणं हे नवशिक्याचं काम नव्हे. नेरळ-माथेरानची ६१० मिलिमीटरची गाडी करायची असेल तर ९ मिलिमीटरच्या रुळांवर १:७६ मापाची गाडी बेतणं हा बऱ्यापैकी जुळणारा मार्ग आहे. मात्र त्यातही गाडीची वरची बॉडी स्वतःलाच बनवावी लागेल.

पैसे खर्च करण्यापूर्वी ही मापं डोळ्यांनी पाहून घ्यावीत. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथे गाड्यांपेक्षा वळणं आणि सांधे नीट पाहा.

वळण आणि डब्याची लांबी

आयसीएफचा, म्हणजे जुन्या धाटणीचा, प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो, एचओ मापात २४५ मिलिमीटर. नव्या धाटणीचा एलएचबी डबा सुमारे २३.५ मीटर, म्हणजे २७० मिलिमीटर. वळणाची त्रिज्या सर्वांत लांब डब्याच्या निदान अडीचपट असावी, असा अनुभवी लोकांचा ढोबळ नियम आहे. तिप्पट असेल तर गाडी दिसतेही बरी. दुपटीच्या खाली गेलात की डब्याचं पोट वळणाच्या आत आणि टोकं बाहेर जातात, कपलिंग, म्हणजे डबे जोडणारे आकडे, एकमेकांना बाजूला ओढतात आणि हलका डबा उचलला जातो.

आयसीएफसाठी अडीचपट म्हणजे ६१२ मिलिमीटर. आपला प्लाय १,२२० मिलिमीटर रुंद, म्हणजे कडेपर्यंत सगळी जागा खाल्ली तरी ६१० च्या पुढे जाता येत नाही. सुरुवातीच्या तयार संचांत तर बहुधा ४३८ किंवा ४५७ मिलिमीटरची वळणं येतात. या प्लायवर पूर्ण लांबीची डेक्कन क्वीन पळवण्याचा विचार इथेच सोडून द्या.

आता मालगाडी बघा. चंद्रपूरच्या वीज केंद्राकडे कोळसा नेणारी बॉक्सएन वाघीण जेमतेम १०.७ मीटर लांब असते, एचओत १२३ मिलिमीटर. आपण पुढे घेणार आहोत त्या ५०५ मिलिमीटरच्या वळणाला ती चारपट हिशेबात बसते. म्हणून पहिल्या आराखड्यासाठी मालगाडीच घ्यावी. तयार बॉक्सएन मिळाली नाही तर १५० मिलिमीटरपर्यंतच्या कोणत्याही विदेशी उघड्या वाघिणी चालतील. पुढे स्टायरिन प्लास्टिकच्या पत्र्याने त्यांची बॉडी बदलता येते, चाकं आणि बोगी मूळच्याच ठेवायच्या.

इंजिन घेताना खोक्यावर किमान त्रिज्या छापलेली आहे का ते पाहा. सहा आसांच्या इंजिनापेक्षा चार आसांचं इंजिन लहान वळणावर निवांत चालतं.

प्रवासी गाडीच हवी असेल तर एन मापाकडे वळा. तिथे आयसीएफ डबा १३३ मिलिमीटरचा होतो आणि काटो कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचं ३४८ मिलिमीटर त्रिज्येचं वळण त्याला पुरतं. अडचण एवढीच, की एन मापात भारतीय गाड्या तयार मिळणं एचओपेक्षाही कठीण.

रुळांचा हिशेब

पेको कंपनीच्या सेटट्रॅक या तयार रुळांची तुकड्यांची पद्धत धरू. हॉर्नबीचे तुकडेही याच भूमितीचे असतात. वळणांच्या त्रिज्या ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिलिमीटर, सरळ तुकडा १६८ मिलिमीटरचा. ५७२ घेतली तर रुळाचा मध्य प्लायच्या कडेपासून जेमतेम ३८ मिलिमीटरवर येतो. इंजिन पडलं तर थेट फरशीवर. ५०५ घेतली की दोन्ही बाजूंना १०५ मिलिमीटर राहतात.

लागणारे तुकडे असे:

- ५०५ त्रिज्येची साडेबावीस अंशांची वळणं: १६
- १६८ मिलिमीटरचे सरळ तुकडे: मुख्य मार्गाला १३, सायडिंगला ४
- सेटट्रॅकचा सांधा: १
- ४३८ त्रिज्येचं साडेबावीस अंशांचं वळण, सायडिंग समांतर करण्यासाठी: १
- बफर स्टॉप (सायडिंगच्या टोकाचा अडसर): १
- जादा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी धातूची पट्टी): एक पाकीट

एका लांब बाजूला सात सरळ तुकडे बसतात. त्यातल्या दुसऱ्या तुकड्याच्या जागी सांधा टाका. वळण संपल्यावर लगेच सांधा देऊ नका, मध्ये एक सरळ तुकडा असला की चाकं सांध्यावर येण्यापूर्वी सरळ होतात. सांध्यातून फुटलेली शाखा ४३८ च्या वळणाने समांतर होते आणि मुख्य मार्गापासून ६७ मिलिमीटर आत राहते. पुढच्या चार तुकड्यांची सायडिंग ६७० मिलिमीटर भरते, त्यात पाच बॉक्सएन उभ्या राहतात. पूर्ण फेरी साडेपाच मीटरची होते. इंजिनाला नऊ-दहा वाघिणी जोडल्या तर गाडी दीड मीटरच्या आतबाहेर राहते. त्याहून लांब केली तर ती स्वतःच्याच शेपटीमागे धावल्यासारखी दिसते.

एका मार्गावरून दुसरा नेणारा पूल इथे का नाही, हा प्रश्न येतोच. खालच्या रुळापासून वरच्या रुळापर्यंत निदान ७५ मिलिमीटर उंची लागते. दोन टक्के चढाने ती गाठायला ३.७५ मीटर आणि उतरायला तेवढेच, एकूण साडेसात मीटर. आपली फेरीच साडेपाच मीटरची आहे. चढ वाढवला तर चाकं जागेवर फिरतात. बोरघाटात १:३७ चा चढ आहे, आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात.

रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या. बाखमन कंपनीच्या ईझी ट्रॅकमध्ये राखाडी बैठकीचे रूळ निकेल सिल्व्हरचे आणि काळ्या बैठकीचे पोलादी असतात. पोलादी रूळ स्वस्त पडतात, पण कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात गंजतात.

पाट

प्लाय १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्क्याचा. एमडीएफ गुळगुळीत दिसतो, पण दमट हवेत कडा फुगतात आणि रुळाला लाटा येतात. नुसता प्लायच वीस-पंचवीस किलो भरतो. लिफ्टमध्ये मावणार नसेल तर सुताराकडून चार बाय चारचे दोन भाग करून घ्या आणि फ्रेममधून ८ मिलिमीटरच्या बोल्टने जोडा. त्या जोडावर रूळ आडवा कापला जाईल अशी आखणी आधीच करावी, सांधा तिथे येऊ देऊ नका.

खालची फ्रेम दोन इंच बाय एक इंच पाइनच्या पट्टीची, पट्टी दोन इंची बाजूने उभी. आडव्या पट्ट्या ४०० मिलिमीटरवर एक, अशा सात. सगळी मिळून ४४ रनिंग फूट पट्टी लागते, ५० घेऊन ठेवा. वायरसाठी आडव्या पट्ट्यांच्या मध्यावर २० मिलिमीटरची भोकं फ्रेम जोडण्यापूर्वीच पाडून घ्यावीत. नंतर पाटाखाली उताणं पडून ड्रिल धरणं फार त्रासाचं. पायांची उंची ९० ते १०० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे गाडी नजरेच्या जवळ येते आणि खाली बसून वायरिंग करता येतं. पाणसळीने दोन्ही दिशांना पाहा. पाट एका बाजूला कललेला असला तर सायडिंगमधल्या वाघिणी आपोआप चालू लागतात.

चार फुटी रुंदीची पलीकडची कड हाताला लागत नाही. साधारण ७५ सेंटिमीटरपलीकडे पडलेली वाघीण उचलता येत नाही, त्यामुळे पाट भिंतीला चिकटवू नका. लांब बाजूंपैकी दोन्हीकडे निदान ६० सेंटिमीटर चालायला जागा ठेवा, किंवा पायांना ब्रेक असलेली चाकं लावा.

कॉर्क आणि रूळ

आधी सगळे रूळ पाटावर मोकळे मांडून जोडा आणि सांध्याची जागा पक्की करा. मग स्लीपरच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवून रूळ उचला. या रेषांच्या मधोमध रुळाखालची बैठक म्हणून कॉर्क चिकटवायचा. तीन मिलिमीटर जाड कॉर्क शीटमधून २० मिलिमीटरच्या पट्ट्या कापा आणि मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना एकेक चिकटवा. ४० मिलिमीटरची एकसंध पट्टी वळणावर बसत नाही, आतली कड चुणते. साडेसहा मीटर मार्गाला १३ मीटर पट्टी लागते. पांढरा फेव्हिकॉल वापरा, वर पुस्तकांचं वजन ठेवून रात्रभर वाळू द्या. उंचवटे १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून टाका. पाटावर कुठे थर्माकोल वापरणार असाल तर रबरी पिवळा गोंद त्याच्या जवळही नेऊ नका, तो थर्माकोल खातो.

रूळ जोडताना फिशप्लेट दोन्ही रुळांच्या पायात गेली आहे ना, ते प्रत्येक जोडाला बोट फिरवून तपासा. एक रूळ फिशप्लेटच्या वर चढून बसणं हा सर्वांत नेहमीचा दोष आहे, आणि तो वरून पाहून कळत नाही. सरळ भागातल्या चार-पाच जोडांत अर्धा मिलिमीटर फट सोडा. डिसेंबरच्या थंडीत घट्ट जोडलेले रूळ मे महिन्यात लांबतात आणि वळणावर बाहेर फुगतात.

प्लायमध्ये खिळा सरळ जात नाही, ०.८ मिलिमीटरचं भोक आधी पाडा. खिळ्याचं डोकं स्लीपरला टेकलं की थांबा. आणखी ठोकलंत तर स्लीपर मध्ये दबतो, दोन्ही रूळ आत झुकतात, गेज अरुंद होतं आणि नेमक्या त्याच जागी चाक वर चढतं. सांध्याखाली गोंद अजिबात नको, हलणाऱ्या पट्टीखाली थेंब गेला तर सांधा कायमचा एका बाजूला अडकतो.

आता वीज न देता सर्वांत जड वाघीण हाताने पूर्ण फेरी ढकला. मग उलट दिशेने. मग तीन वाघिणी जोडून मागून ढकला, कारण ओढताना लपलेले दोष ढकलताना उघडे पडतात. जिथे ठेच लागते तिथे खूण करून तो जोड कानसीने आतल्या कडेला हलकाच घासा.

वीज

इथली पहिली गोष्ट सुरक्षेची. अमेरिकेतून मागवलेल्या संचाचा ॲडॉप्टर पुष्कळदा फक्त १२० व्होल्टचा असतो. नुसतं पिन बदलणारं सॉकेट लावून तो आपल्या २३० व्होल्टमध्ये खोचला तर काही क्षणांत जळतो. लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तरच थेट लावा. नाहीतर २३० चे ११० करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किंवा २३० व्होल्टवर चालणारा, ० ते १२ व्होल्ट डीसी देणारा कंट्रोलरच वेगळा घ्या. एका इंजिनाला एक अँपियरची क्षमता भरपूर झाली.

एकाच जागी दोन वायर जोडूनही गाडी धावते, पण वीज प्रत्येक फिशप्लेटमधून पुढे जाते आणि फिशप्लेट सैल होते, काळवंडते. महिन्याभरात पलीकडच्या वळणावर इंजिन मंदावू लागतं. म्हणून पाटाखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरची लाल-काळी जोडी पूर्ण लांबीभर फिरवा, प्रत्येक रंगाची सहा-सात मीटर. तिच्यापासून ०.५ चौरस मिलिमीटरच्या पातळ वायरच्या चार जोड्या मार्गाच्या चार जागी वर आणा. लाल नेहमी बाहेरच्या रुळाला, काळी नेहमी आतल्या. प्रत्येक जोडीनंतर कंट्रोलर काढून मल्टिमीटरने दोन रुळांत सातत्य, म्हणजे एकातून दुसऱ्यात वीज जाते का, ते तपासा. बझर वाजला तर नुकतीच जोडलेली वायर चुकली आहे. चारही जोडून मग तपासलंत तर चारही उकरावी लागतील.

डाख देताना २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची तार आणि रोझिन फ्लक्स. नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स नको, तो डाखाच्या जोडाला आतून खातो. रुळाची बाहेरची बाजू कानसीने चमकवा, दोन्ही अंगांना ओल्या कापसाचे बोळे ठेवा, आयर्न तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. जास्त वेळ लागतोय म्हणजे टोक मळलं आहे. रेटत राहिलात तर प्लास्टिकचे स्लीपर वितळतात आणि रूळ सुटतो.

सेटट्रॅकच्या सांध्याचा एक फायदा फुकट मिळतो. त्याचा मधला फ्रॉग, म्हणजे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा, प्लास्टिकचा असतो आणि सांधा ज्या बाजूला वळवला असेल त्याच मार्गाला वीज जाते. सायडिंगला वेगळी वायर दिली नाही तर तिथे उभं केलेलं दुसरं इंजिन सांधा मुख्य मार्गाला असेतोवर गप्प राहतं. म्हणून चारही जोड्या मुख्य मार्गालाच द्या, आणि त्यातली एक सांध्याच्या जिभेकडच्या (हलणाऱ्या रुळांच्या टोकांकडच्या) बाजूला असू द्या.

डीसीसीचं, म्हणजे प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीचं काय? एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवायची गरज पडेल तेव्हा बघा. आत्ता इंजिन घेताना ते डीसीसी-रेडी आहे आणि आत आठ किंवा एकवीस पिनांचं सॉकेट आहे, एवढं पाहा. डीसी आणि डीसीसी कंट्रोलर एकाच रुळाला कधीही एकत्र जोडू नका.

पहिली धाव आणि रुसवे

नवं इंजिन वाघिणींशिवाय, अर्ध्या वेगाने, दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास चालवा. ग्रीस सगळ्या गिअरवर पसरतं आणि मोटरचे ब्रश बसतात. मगच भार जोडा.

वाघीण एकाच जागी उतरत असेल तर दोष रुळात. एकच वाघीण सगळीकडे उतरत असेल तर दोष तिच्यात. अशा वाघिणीच्या चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, ते १४.४ ते १४.५ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चाकं हातात धरून पिळत बाहेर ओढा. वजनही पाहा. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीचा हिशेब केला तर १२३ मिलिमीटरच्या वाघिणीला सुमारे ९५ ते १०० ग्रॅम वजन हवं, तयार वाघिणी त्याहून हलक्या निघतात. आत पोलादी नट चिकटवा, दोन्ही बोगींवर सारखे. वर कोळसा पसरला की दिसत नाहीत.

सांध्यावर इंजिन क्षणभर थांबत असेल तर प्लास्टिकच्या फ्रॉगवर त्याची वीज घेणारी चाकं कमी पडताहेत. लांब इंजिनात हे घडत नाही, चार चाकांच्या छोट्या शंटरला हमखास घडतं. गाडी वळणावर तुटत असेल तर कपलिंगची उंची जुळत नाही. सगळ्या वाघिणींना एकाच जातीची कपलिंग लावा.

खडी

गाडी आठवडाभर विनातक्रार धावल्याशिवाय खडी टाकू नका. खडीखालचा रूळ दुरुस्त करणं म्हणजे तो उखडणंच.

दगडखाणीतली कच फुकटात मिळते. ती पिठाच्या चाळणीतून चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे कण ठेवा, धुवा, वाळवा. पण आपल्याकडची बहुतेक कच काळ्या पाषाणाची, आणि त्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. प्लास्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून ढिगावरून फिरवा. चार-दोन कण चिकटले तर काढून टाका. भराभर चिकटू लागले तर ती खडी वापरू नका, कण उडून इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि गिअर खातात. अशा वेळी ग्रॅनाइटचा चुरा किंवा तयार विकतची खडी घ्या, रंग थोडा वेगळा दिसेल, दिसू दे.

कोरडी खडी चमच्याने ओता, मऊ कुंचल्याने स्लीपरच्या वरून खाली सारा, ती स्लीपरच्या पृष्ठाच्या किंचित खाली राहावी. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून बारीक फवारा मारा. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, परत दोन थेंब तोच द्रव, हे मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजने रुळांच्या मध्ये आणि कडांना सोडा. फवारा आधी मारला नाही तर गोंदाचा थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खड्डा पडतो. सांध्याच्या जिभा आणि हलणारी आडवी पट्टी यांच्या आसपास दोन सेंटिमीटर खडी कोरडी किंवा अजिबात नको. चोवीस तास वाळू द्या, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. रुळाचा माथा ओला असतानाच पुसा.

डोंगर, फलाट किंवा पायवाटेला चाळलेली माती वापरणार असाल तर ती आधी ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास भाजून घ्या. कच्च्या मातीवर जुलैत बुरशी येते.

निगा

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी लवकर बसतो. चाकांसाठी टिश्यू पेपर अल्कोहोलने भिजवून रुळांवर आडवा टाका, इंजिनाची एक बोगी त्यावर आणि दुसरी रुळावर ठेवून हाताने धरा, वीज द्या. काळे पट्टे उमटणं थांबलं की बोगी बदला. तेल प्लास्टिकला चालणारं, प्रत्येक आसाला सुईच्या टोकावर मावेल इतकंच. खोबरेल तेल हिवाळ्यात गोठतं आणि गिअर अडकवतं.

पाटावर धुळीसाठी जुनी सुती चादर टाका, प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो. जून ते सप्टेंबर इंजिनं रुळावर न ठेवता खोक्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी काढून पंधरा मिनिटं चालवा.